हापूसचा वास

दसऱ्याच्या सकाळी नितेश गावडेने आपल्या बहिणीच्या व्हेपला ओवाळलं. हातात निरांजन, तोंडात आरती. नजर पाटावर नीट गेली तेव्हा कळलं, आपण काय ओवाळतोय.

पाट आईने मांडला होता. सुलक्षणाबाईंचं माहेर-सासर दोन्ही मालवणाकडचं. घाटकोपरला भटवाडीत जन्म गेला, पण दसऱ्याला हत्यारं पुजल्याशिवाय ही बाई चहाचा घोट घेणार नाही. शेतीची हत्यारं गावी, बाबा रिटायर होऊन तिकडेच. मग इथे काय पुजायचं? एक कोयता, विळी, नितेशचे एसी दुरुस्तीचे पाने आणि गॅसचं मीटर, स्कूटरची दुसरी चावी. आणि दिशाचे कबड्डीचे बूट, नीकॅप. ज्याच्यावर घर चालतं आणि ज्याच्यावर उद्या चालेल अशी आशा आहे, ते सगळं पाटावर. नीकॅपच्या शेजारी ती. बोटाएवढी जांभळी डबी. तिला हळद, कुंकू, अक्षता. डोक्यावर झेंडूची पाकळी. नवरीसारखी सजवलेली.

नितेशने आरती थांबवली नाही. थांबवली असती तर आईने विचारलं असतं. त्याने दिशाकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत होती, पण हात हातावर पडत नव्हते.

आरती संपली. त्याने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, हे काय आहे.

"दिशाचो पेन ड्रायव्ह मां तो," आई म्हणाली. "तिच्या बॅगेत गावलो. म्हटलां, अभ्यासाची वस्तू, तिका पण हळदकुंकू लावया."

नितेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेन ड्राइव्ह. ही विजेवरची सिगरेट तो बरोबर ओळखत होता, कारण त्याच्याबरोबर कामाला असलेला आकाश हीच तोंडात धरून शिडी चढायचा. एकदा एका गिऱ्हाइकाकडे आकाशची डबी खिडकीतून खाली पडली. संध्याकाळपर्यंत त्या पोराचे हात असे थरथरत होते की साधा स्क्रू लागेना. आधी आकाश पण हसायचा, अरे फक्त वाफ आहे, फळाची वाफ. फळाची वाफ म्हणे. आंबा खाऊन कुणाचे हात थरथरतात?

आई शिऱ्याकडे बघायला वळली तशी त्याने डबी उचलून खिशात टाकली आणि दिशाला मानेने खूण केली. गच्चीवर चल.

दिशा एकोणीस वर्षांची. वेतोबा क्रीडा मंडळाची पहिल्या नंबरची चढाईपटू. चढाई म्हणजे एका दमात समोरच्या टीममध्ये घुसायचं, तोंडाने कबड्डी कबड्डी चालू ठेवायचं, गडी मारायचा आणि दम न तोडता परत यायचं. दम तुटला की तू बाद. बाकी पायात कितीही वीज असू दे. येत्या रविवारी उपनगर जिल्ह्याच्या ज्युनिअर टीमची निवड होती. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे हा रविवार गेला की ज्युनिअर संपलं. निवड, मग राज्याचं शिबिर, मग रेल्वेत नाहीतर बँकेत खेळाच्या कोट्यातून नोकरी. भटवाडीतल्या अर्ध्या कोकणी घरांनी हेच एक स्वप्न बघितलंय, आणि या घरात ते पहिल्यांदा हाताच्या अंतरावर आलं होतं.

आणि गेले काही महिने तिचा दम तुटत होता. कुणालाच कळत नव्हतं का. लवूकाका, म्हणजे मंडळाचे कोच, म्हणाले अंडी खा. आईने ओवा आणि मध चालू केला. नितेशने स्वतः पहाटे स्कूटर काढून तिला डोंगरावर पळवली होती. सगळे मूर्ख. सगळं घर मिळून गळक्या टाकीत पाणी ओतत होतं.

पाण्याच्या टाकीमागे त्याने डबी तिच्या डोळ्यांपुढे धरली. कुंकू अजून ओलं होतं.

दिशाने आधी जिन्याकडे बघितलं. मग एकदम सुरू झाली. कॉलेजमध्ये सगळ्याच मुली ओढतात. परीक्षेच्या आधी वॉशरूममध्ये एकच डबी हातोहात फिरते. रडायला आलं तरी ओढतात, हसायला आलं तरी ओढतात. सिगरेटला वास येतो, ओठ काळे होतात, ते घाण वाटतं. ह्याला काहीच नाही. शिवाय ज्युनिअर मुलींचं वजन पासष्टच्या आत लागतं, तिचं काट्यावर होतं, आणि ह्याने भूक मरते. टीममधल्या बहुतेकींनी त्यासाठीच चालू केलं.

"आणि मी शपथ मोडलेली नाही," ती म्हणाली.

ही शपथ म्हणजे मंडळाची जान. दर दसऱ्याला मैदानाची पूजा होते, वेतोबाच्या फोटोपुढे केळ्यांचा घड ठेवतात, आणि प्रत्येक खेळाडू नारळावर हात ठेवून म्हणतो, बिडी, सिगरेट, तंबाखू, मावा, दारू यांना शिवणार नाही. वेतोबाला ही पोरं खरंच घाबरतात. रात्री मोठ्या वहाणा घालून तो गावभर फिरतो, हे ऐकतच वाढलेली. मंडळातल्या एकाही पोराने शपथ घेऊन सिगरेट ओढल्याचं उदाहरण नाही. पण शपथ बनवली तेव्हा ही डबी जन्माला यायची होती. तिचं नावच त्यात नव्हतं. म्हणजे देव पण खूश आणि पोरी पण.

नितेशचा हात वर गेला. आयुष्यात त्याने तिला बोट लावलं नव्हतं, पण गेला.

दिशा हलली नाही. "हात खाली घे," ती म्हणाली. "सिगरेटचा वास येतोय."

आला हात खाली. काय करणार? सकाळी दूध आणायला गेला तेव्हा टपरीवर एक मारूनच आला होता. खेळ सोडला आणि शपथ पण सुटली, असा त्याने स्वतःशीच हिशेब लावून घेतला होता. चाळीत सगळ्यांना माहीत होतं. आईला पण. कुणी कधी टाकीमागे बोलावलं नव्हतं.

"माझं सोड," तो म्हणाला. "कोण देतं हे?"

तिने सांगितलं नसतं. पण तिने मंडळाची जर्सी घातली होती, आणि उत्तर टाळताना तिचा हात आपसूक पाठीकडे गेला. पाठीवर मोठ्या अक्षरात छापलं होतं, केयूर मोबाईल.

केयूर. शाळेत नितेशच्या बाकावर बसणारा. मंडळात त्याच्याबरोबर डावा कोपरा खेळणारा. आता स्टेशनकडच्या रस्त्यावर मोबाईलचं दुकान टाकून बसलेला. आणि मुलींच्या टीमला जर्सी देणारा माणूस पाहिजे होता तेव्हा लवूकाकांपुढे केयूरला कोण घेऊन गेलं होतं? नितेशच. आपला माणूस आहे काका, दिलदार आहे. दिलदार. मुलींना पहिली डबी त्याने फुकट दिली होती, शुभेच्छा म्हणून.

नितेश जिना उतरायला लागला तशी दिशा मागून आली. आता तिच्या आवाजातला माज गेला होता.

"दादा, रविवार होऊ दे. नंतर कुणालाही सांग. मी सोडते. पण रविवार होऊ दे."

तो उतरत राहिला.

केयूरच्या दुकानाला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. काउंटरवर आपट्याच्या पानांचा ढीग. नितेश दिसल्यावर तो बाहेर आला, दोन पानं त्याच्या हातात कोंबली, सोनं घे सोन्यासारखा राहा म्हणत मिठी मारली. नितेशने पानांच्या जागी त्याच्या तळहातावर डबी ठेवली.

केयूरने हळदकुंकू बघितलं आणि तो हसला. खरंच मनापासून हसला. म्हणाला, काकूंनी पूजा केली काय, भारी. मग गिऱ्हाईक ऐकत नाही ना बघून आवाज उतरवला. त्याचं म्हणणं सरळ होतं. हे कायद्याने बंद आहे, म्हणजे दुकानात नाहीच, म्हणजे तो विकतच नाही. मैत्रीत देतो. तो नाही देणार तर पोरी कुर्ल्याहून आणतील, नकली, जळका माल. तो निदान चांगला देतो. आणि यात वाईट काय? सिगरेट सुटावी म्हणून लोक हे घेतात.

"तिने सिगरेट धरली कधी होती रे, सुटायला?" नितेश म्हणाला.

केयूरने खांदे उडवले. "तुला राग बहीण म्हणून आलाय. आकाश ओढतो तेव्हा तू शेजारी उभा राहून गप्पा मारतोस. मी बघितलंय."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. नितेशने त्याची कॉलर धरली. केयूरने सोडवली पण नाही. तसाच उभा राहून म्हणाला, जा, सांग लवूकाकांना. काका आज ना उद्या अख्खी टीम घरी बसवतील. पण रविवारी पहिलं नाव कुणाचं कापलं जाईल, बघ. "तू नाही बोललास तर कुणाचंच काही जात नाही, यार."

कॉलर सुटली. डबी परत खिशात घेऊन नितेश दुपारभर स्कूटरवर फिरत राहिला. दसऱ्याचे रस्ते, नव्या गाड्यांना हार, चाकाखाली लिंबं. त्याला सगळ्यांचा राग येत होता. केयूरचा, दिशाचा, पेन ड्राइव्ह समजून कुंकू लावणाऱ्या आईचा. एका सिग्नलला तीन पोरं रिक्षात बसून धूर सोडत होती, शाळेची असावीत, त्यांचा पण. आणि त्याने रागारागात सिगरेट पेटवली तेव्हा स्वतःचा. ती त्याने विझवली नाही. पूर्ण ओढली. राग असा असतो, कुठूनही येतो आणि काही कामाचा नसतो.

संध्याकाळी मैदानावर सगळे जमले. मैदान म्हणजे दोन इमारतींच्या मधली मातीची पट्टी, पण आज शेणाने सारवलेली, मधल्या रेषेवर फुलं. टेबलावर वेतोबाचा फोटो, पुढे केळ्यांचा घड. नारळ फोडायचा काळा दगड धुवून ठेवलेला, बाजूला गावड्यांच्या घरून आणलेला कोयता. नारळाचा मान यंदा जर्सी देणाऱ्याला. म्हणजे केयूरला. तो नवीन कुर्ता घालून उभा होता. नारळ फुटला की दिशाने वर्षाची पहिली चढाई करायची होती. लवूकाकांनी हा मान तिला दिला होता.

लवूकाकांना सत्तरी गाठायला थोडीच वर्षं राहिलेली. गिरणीच्या टीममधून खेळलेले. गिरणी गेली, टीम गेली, गुडघे गेले, एक नाक तेवढं शाबूत राहिलं. रोज सरावाआधी ते पोरांना रांगेत उभं करतात आणि प्रत्येकाची बोटं हुंगतात. तंबाखूची एक चिमूट असली तरी ओळखतात. त्यांना कुणी फसवू शकत नाही, असं भटवाडीत सगळे मानतात. ते स्वतः पण.

आजसुद्धा त्यांनी बोटं हुंगली. मुलगे झाले. मग मुलींच्या रांगेत अपूर्वाची बोटं, दिशाची बोटं. आणि त्यांचा चेहरा फुलला. जमलेल्या लोकांकडे वळून कौतुकाने म्हणाले:

"पोरींच्या हातांका हापूसचो वास येता बघा. ऑक्टोबरात. ह्यां गावच्या मातीचां रक्त."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. ते बोलणं त्यांचं नेहमीचं होतं. चार महिने ते हेच सांगत होते. मुली आंब्याच्या गोळ्या खातात म्हणून कुणीतरी सांगितलेलं, त्यांनी मानलेलं. आंब्याच्या वासात काही खोट असेल, हे कोकणातल्या माणसाच्या डोक्यात येणारच कसं?

नितेशने केयूरकडे बघितलं. केयूर त्याच्याकडेच बघत होता. आणि त्याने डोळा मारला.

तेवढंच. त्या एका डोळ्याने जे केलं ते बाकी काही करू शकलं नसतं. नितेशला वाटलं होतं आपण गप्प राहणार. रविवारपर्यंत दात दाबून गप्प. पण हा म्हातारा फसवलेल्या नाकाने पोरींचं कौतुक करतोय आणि हा हरामखोर डोळा मारतोय.

शपथ सुरू झाली. नारळ केयूरच्या ओंजळीत, त्यावर एकावर एक मुलींचे हात. लवूकाका म्हणायचे, मुली मागून म्हणायच्या. बिडी. सिगरेट. तंबाखू. मावा. दारू.

"काका, एक नाव राहिलं," नितेश म्हणाला.

दिशाने मान वळवली. तिच्या डोळ्यात आधी विनवणी होती, मग ती पण गेली. नितेशने खिशातून डबी काढून दगडावर ठेवली. हळद वाळून तिचे पोपडे निघाले होते.

"ता काय?" काकांनी विचारलं.

त्याने सांगितलं. फार बोलला नाही. ही पण सिगरेटच आहे, फक्त धूर दिसत नाही आणि वास फळाचा येतो. ही आपल्या टीममध्ये आहे. नारळ ज्याच्या हातात आहे त्याने दिली आहे. आणि ही जी आहे ती माझ्या बहिणीची आहे.

केयूरने तोंड उघडलं, पण लवूकाका त्याच्याकडे बघतच नव्हते. ते गुडघ्यांवर कसेबसे वाकले, बाजूचा कोयता घेतला आणि त्याच्या पाठीने डबीवर घाव घातला. कवच फुटलं. आतून कापसासारखं काहीतरी ओलं बाहेर आलं, आणि मैदानभर हापूसचा वास पसरला. गोड, दाट, पिकलेला.

काका तसेच वाकून राहिले. वास घेत. मग अगदी हळू म्हणाले, "ह्यो वास मी चार महिने घेतंय."

नारळावरचा अपूर्वाचा हात खाली आला. मग आणखी एकीचा. मग एकदम तीन. कबड्डीला सात जणी लागतात, नारळावर शेवटी दोनच हात उरले. आणि त्यातला एक दिशाचा होता. तिने तो काढला नाही.

"मला काही झालेलं नाही, काका," ती म्हणाली. आवाज कापत होता, रागानेच. "दादाला माझं बघवत नाही. मी दम घालते. आत्ता. बघा तुम्ही."

आणि हात काढून मधल्या रेषेवर जाऊन उभी राहिली. फुलं पायाखाली आली. तिने श्वास भरला आणि सुरू केलं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. स्वच्छ, खणखणीत. नितेशच्या तोंडातून नकळत देवाचं नाव गेलं. मी बोललो असलो तरी ती करून दाखवू दे. मी खोटा ठरू दे. समोर कुणी पकडायला नव्हतं, धावायचं नव्हतं, नुसतं उभं राहून बोलायचं होतं. लहान पोरं पण खेळात करतात.

तुटला. शब्दाच्या मधेच, कब वर. आत कुठेतरी बारीक शिट्टी वाजली आणि मग खोकला आला. ती वाकून खोकत राहिली. आई गर्दीत मागे उभी होती. तिला वाटलं ठसका लागला. ती पाणी घेऊन पुढे धावली.

लवूकाका दिशाजवळ गेले. रागावले नाहीत. त्यांनी रागवायला पाहिजे होतं, निदान नितेशला तसं वाटलं.

"शपथ मोडूक नाय गो तू," ते म्हणाले. "दम मोडलंस. रविवारी जाव नको."

केयूरने नारळ टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ठीक आहे, मग माझ्या जर्सी परत करा. लाज नावाची चीज नाही.

"धुवून देते," अपूर्वा म्हणाली. "वास गेला पाहिजे ना."

नितेश केयूरच्या वाटेत उभा राहिला. मारायचं होतं. मूठ वळली होती. पण केयूर त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशाकडे बघत होता, तिथे सिगरेटच्या पाकिटाचा चौकोन दिसत होता, आणि तो पुन्हा हसला. नितेशची मूठ तशीच राहिली. केयूर बाजूने निघून गेला. नारळ कुणीच फोडला नाही.

घरी जाताना तिघं एका रांगेत चालले. आई मधे, सारखं विचारत, काय झालां, रविवारी कित्याक नको म्हणतत, काय होती ती वस्तू. गर्दीत मागे होती, तिला काहीच नीट ऐकू आलं नव्हतं.

घरात शिरल्याबरोबर तिचं लक्ष पाटावर गेलं. कोयत्याची आणि त्या डबीची जागा रिकामी. कोयता तिनेच एका पूजेवरून दुसऱ्या पूजेला, मंडळात पाठवला होता. पण नीकॅपच्या बाजूला कुंकवाचा एक लांबट डाग उरला होता आणि त्यावर सुकलेली पाकळी.

"पेन ड्रायव्ह कोणी उचल्ल्यान?" ती म्हणाली. "पुजलेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत हलवूची नसता."

दिशा वळली. नितेशसमोर आली आणि त्याच्या वरच्या खिशात हात घालून पाकीट काढलं. त्याने अडवलं नाही. तिने ते पाटावर नेलं आणि बरोबर त्या कुंकवाच्या डागावर उभं ठेवलं. बूट, नीकॅप, पाकीट, पाने. पाटावर ते अजिबात वेगळं दिसत नव्हतं.

"आई, ह्याला पण लाव कुंकू," ती म्हणाली. अजून श्वास लागत होता. "लाव. मग मी सांगते ते काय होतं."

आई बघत राहिली. आधी पाकिटाकडे. ते तिला नवीन नव्हतं. धुवायच्या आधी मुलाच्या खिशातून किती वेळा काढून तिने फ्रीजवर ठेवलं असेल. मग मुलीकडे. मग तिने खरंच कुंकवाचा करंडा उचलला, बोट बुडवलं, आणि तसंच लाल बोट हवेत धरून नितेशकडे वळली.

"लावू?" तिने विचारलं.